अमेरिकेत नवीन आलात? चेक कसा लिहायचा आणि चेकिंग अकाउंट कसं सांभाळायचं

अमेरिकेत उतरल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच घरमालक किंवा अपार्टमेंटचं लीझिंग ऑफिस सांगतं की डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याचं भाडं चेकने द्या, आणि यूपीआयवर वाढलेल्या आपल्या मुलामुलींची तिथेच पंचाईत होते. कारण बऱ्याच जणांनी भारतात स्वतःच्या हाताने चेक लिहिलेलाच नसतो, आणि ज्यांनी लिहिलाय त्यांच्या हाताला बसलेले नियम इथे जसेच्या तसे चालत नाहीत. म्हणून खातं उघडण्यापासून ते बंद करण्यापर्यंत सगळं क्रमाने सांगते.

त्यातली एक गोष्ट आधीच, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. बँकेच्या ॲपमध्ये दिसणारा बॅलन्स म्हणजे तुम्हाला खर्च करता येईल ती रक्कम नव्हे. तुम्ही चेक फाडून कुणाच्या हातात दिला की ते पैसे तुमच्यापुरते गेले, मग समोरचा तो उद्या भरो नाहीतर दोन महिन्यांनी. बँकेला तो भरला जाईपर्यंत काही माहीत नसतं, तुम्हाला माहीत असतं, आणि हा हिशोब तुमच्याशिवाय दुसरं कुणी ठेवत नाही.

खातं उघडताना

पगार, भाडं, बिलं असल्या रोजच्या व्यवहारासाठी जे खातं ते चेकिंग, आणि बाजूला टाकायच्या पैशांसाठी सेव्हिंग्ज वेगळं, दोन्ही एकाच वेळी उघडता येतात. जाताना पासपोर्ट, व्हिसा, आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची सरकारी नोंद) ची प्रिंट, विद्यार्थी असाल तर आय-२० (युनिव्हर्सिटीने व्हिसासाठी दिलेला फॉर्म) आणि पत्त्याचा पुरावा म्हणून लीज किंवा युनिव्हर्सिटीचं पत्र घेऊन जा. सोशल सिक्युरिटी नंबर अजून आला नसेल तरी अडत नाही, अमेरिकन नागरिक नसलेल्याची ओळख पासपोर्ट नंबरवर पटवून घ्यायची नियमात सोय आहे आणि बऱ्याच बँका शाखेत गेलं की असं खातं उघडून देतात. ऑनलाइन फॉर्म मात्र बहुतेक वेळा त्या नंबराशिवाय पुढेच सरकत नाही, त्यामुळे पहिलं खातं शाखेत जाऊनच उघडा, आणि एका ठिकाणी नाही म्हणाले तर दुसऱ्या बँकेत विचारा.

टेबलापलीकडे बसलेल्या माणसाला न लाजता विचारायचं: महिन्याची फी किती आणि ती कशाने माफ होते? कुठे किमान बॅलन्स ठेवावा लागतो, कुठे पगार डायरेक्ट डिपॉझिटने यावा लागतो, कुठे विद्यार्थ्यांना काही वर्षं माफ असते आणि मग एके दिवशी गुपचूप सुरू होते. ती तारीख लिहून घ्या. किमान बॅलन्स हा रोजचा बघतात की महिन्याचा सरासरी, हेही विचारा, ह्यात खूप फरक पडतो.

बँक एफडीआयसीची सदस्य आहे का ते बघा. १९३० च्या मंदीत हजारो बँका बुडाल्यावर १९३३ साली ही सरकारी संस्था निघाली आणि आज एका ठेवीदाराचे एका बँकेतले अडीच लाख डॉलरपर्यंतचे पैसे तिच्या विम्याखाली सुरक्षित असतात. क्रेडिट युनियनमध्ये, म्हणजे आपल्या पतपेढीसारख्या सभासदांच्या संस्थेत, खातं असेल तर तसाच विमा एनसीयूए ही संस्था देते. नवराबायकोचं जॉइंट खातं असेल तर एक लक्षात असू द्या, दोघांपैकी कुणीही सगळे पैसे काढू शकतं आणि एकाने दिलेला चेक परत आला तर डाग दोघांच्या नावावर लागतो.

चेकवर काय काय छापलेलं असतं

खातं उघडल्यावर बँक सहसा दोन-चार टेम्पररी चेक देते, त्यावर तुमचं नाव-पत्ता छापलेला नसतो म्हणून काही घरमालक ते घेत नाहीत. पूर्ण चेकबुक मागवायला बँक पैसे घेते, बाहेरच्या छपाई कंपन्यांकडून तेच बरंच स्वस्तात येतं आणि ते कायदेशीर आहे. चेकवर नाव आणि पत्ता छापा. सोशल सिक्युरिटी नंबर कधीही छापू नका, कुणी सुचवलं तरी.

चेकच्या तळाशी चमत्कारिक वळणाच्या आकड्यांची ओळ असते. त्यातला नऊ आकड्यांचा नंबर हा राउटिंग नंबर, म्हणजे आपल्या आयएफएससीसारखा बँकेचा पत्ता. दुसरा तुमचा खाते नंबर, आणि तिसरा त्या चेकचा क्रमांक, जो वर उजव्या कोपऱ्यातही असतो. पगार डायरेक्ट डिपॉझिट करायला ऑफिसवाले व्हॉइड, म्हणजे रद्द, केलेला चेक मागतात तो ह्या आकड्यांसाठीच: कोऱ्या चेकवर मोठ्या अक्षरात व्हॉइड लिहायचं, सही करायची नाही, खालचे आकडे झाकले जाणार नाहीत इतकं बघायचं. आणि हे दोन नंबर प्रत्येक चेकवर उघड्यावर असतात म्हणजे तुमचा चेक ज्याच्या हातात पडला त्याच्याकडे तुमच्या खात्याची पुरेशी माहिती गेली, त्यामुळे भरलेल्या चेकचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकत बसू नका.

आता एक चेक भरू

समजा भाडं आहे अकराशे पन्नास डॉलर आणि पंचाहत्तर सेंट. काळं जेल पेन घ्या, का ते पुढे येईलच.

पहिली जागा तारखेची, आणि आपली माणसं सगळ्यात जास्त इथे चुकतात. इथे आधी महिना मग दिवस. तुम्ही ७ एप्रिल म्हणून ०७/०४ लिहिलंत तर इथला माणूस ते ४ जुलै वाचतो आणि तीन महिने पुढची तारीख टाकली म्हणून चेक परत देतो. महिन्याचं नाव अक्षरात लिहायची सवय लावा, वादच नको. जानेवारीत हाताच्या सवयीने मागचं वर्ष लिहिलं जातं तेही जपा, तो चेक वर्षभर जुना दिसतो.

मग पे टू द ऑर्डर ऑफ ही ओळ, इथे ज्याला द्यायचा त्याचं नाव. लीझवर जे नाव आहे तेच लिहा, मॅनेजर बाईंचं नाही, आणि शंका असेल तर चेक कुणाच्या नावे लिहू हे सरळ विचारा, इथे ते अगदी रोजचं वाक्य आहे. दोन नावं लिहायची वेळ आली तर मधला शब्द जपून: अँड लिहिलंत तर चेक भरताना दोघांच्या सह्या लागतात, ऑर लिहिलंत तर कुणाही एकाची पुरते. नावाच्या जागी नुसतं कॅश लिहू नका, हरवला तर ज्याला सापडेल तो वटवू शकतो.

उजवीकडच्या चौकटीत रक्कम आकड्यात, डॉलरच्या छापील चिन्हाला अगदी चिकटून सुरू करायची, म्हणजे मागे कुणाला एक आकडा घुसवायला जागा राहत नाही. सेंट नेहमी लिहायचे, पूर्ण रक्कम असली तरी पुढे दोन शून्यं. त्याखालच्या लांब ओळीवर अक्षरी रक्कम: वन थाउजंड वन हंड्रेड फिफ्टी अँड ७५/१००. सेंट असे शंभराच्या अपूर्णांकात लिहितात. डॉलर शब्द शेवटी छापलेलाच असतो म्हणून परत लिहायचा नाही, आणि उरलेल्या कोऱ्या जागेत शेवटपर्यंत एक आडवी रेघ ओढायची. फॉर्टीच्या स्पेलिंगमध्ये यू येत नाही, हे बारीक वाटेल पण भल्याभल्यांचं तिथे चुकतं. आणि अक्षरी व आकडी रक्कम जुळली नाही तर कायद्याने अक्षरी रक्कम खरी धरतात, त्यामुळे ती ओळ घाईत खरडू नका.

डावीकडे खाली मेमोची ओळ असते. ती भरली नाही तरी चेक चालतो, पण भरा. घर नंबर आणि कुठल्या महिन्याचं भाडं एवढं लिहिलं तरी उद्या ऑफिस म्हणालं की एप्रिलचं आलंच नाही, तर बँकेच्या साइटवर त्या वटलेल्या चेकची इमेज निघते आणि तीच तुमची पावती.

सही सगळ्यात शेवटी. कोऱ्या चेकवर आधीच सही करून ठेवायची नाही, अगदी रूममेटवर विश्वास असला तरी. सही मराठीत असली तरी चालते, फक्त बँकेकडे जशी दिलीय तशीच करा. खाडाखोड झाली तर बाजूला छोटी सही करून वेळ मारून नेऊ नका, त्या चेकवर व्हॉइड लिहा, नोंदवहीत तो क्रमांक रद्द म्हणून टिपा आणि नवा चेक घ्या.

भारतातल्या ज्या सवयी इथे चालत नाहीत

कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा मारून अकाउंट पेयी लिहिलं की आपल्याकडे चेक सुरक्षित झाला असं आपण मानतो. इथे क्रॉसिंगची ती पद्धतच नाही, त्या रेघांनी काही संरक्षण मिळत नाही.

दुसरी पुढच्या तारखेचा चेक देण्याची. आपल्याकडे त्या तारखेआधी बँक तो वटवत नाही म्हणून लोक डझनभर चेक आगाऊ देऊन निर्धास्त असतात. इथे तुम्ही बँकेला आधी रीतसर कळवलं नसेल तर बँक तो चेक तारखेआधीही वटवू शकते, आणि तसं झालं तर बँकेची चूक धरत नाहीत. म्हणजे पगार पाच तारखेला येणार म्हणून सहा तारखेचा चेक एक तारखेलाच देऊन ठेवला, हे डोक्यातूनच काढून टाका. पैसे खात्यात असतील तेव्हाच चेक द्या.

तिसरी मुदतीची. भारतात चेक तीन महिने चालतो, इथे सहा महिन्यांपेक्षा जुना चेक वटवायचं बंधन बँकेवर नसतं, पण बंधन नाही म्हणजे मनाई आहे असं नाही, बँकेने ठरवलं तर सात महिन्यांचा चेकही वटतो. म्हणून कुणी चेक भरलाच नाही तर ते पैसे आपले झाले असं समजून खर्च करू नका, फोन करून विचारा.

आणि चेक दिल्यावर पैसे खात्यातून जायला चार दिवस तरी लागतील हा समज. पूर्वी कागदी चेक विमानाने देशभर फिरायचे, ११ सप्टेंबर २००१ नंतर विमानं बंद राहिली तेव्हा ते सगळे अडकून पडले, मग २००३ मध्ये कायदा झाला आणि ऑक्टोबर २००४ पासून कागदाऐवजी चेकची इमेज पाठवायची वाट मोकळी झाली. आज सकाळी दिलेला चेक उद्या तुमच्या खात्यातून गेलेला असू शकतो.

तुम्हाला कुणी चेक दिला तर

मागच्या बाजूला वरच्या टोकाला सहीसाठी रेघा असतात, तिथे सही करायची. पण नुसती सही केलेला चेक म्हणजे रोख पैसे, हरवला तर कुणीही वापरेल. म्हणून सहीच्या वर फॉर डिपॉझिट ओन्ली आणि आपला खाते नंबर लिहा, आणि हे बँकेत पोचल्यावरच करा. फोनवरून भरत असाल तर बऱ्याच बँकांना फॉर मोबाइल डिपॉझिट असे शब्द लागतात, ते ॲपमध्ये सांगितलेले असतात. फोटो काढून झाल्यावर चेक लगेच फाडू नका, पैसे पक्के जमा होईपर्यंत ठेवा आणि मग बारीक तुकडे करा.

शाखेत चेक भरला तर साधारणपणे त्यातले पहिले २७५ डॉलर पुढच्या कामकाजाच्या दिवशी वापरायला मिळतात (जुलै २०२५ च्या आधी हीच रक्कम २२५ होती) आणि बाकीचे त्याच्या पुढच्या दिवशी. खातं नवीन असेल तर पहिले ३० दिवस, किंवा रक्कम मोठी असेल तर, बँक जास्त दिवस रोखून धरू शकते, म्हणून त्या भरवशावर भाड्याचा चेक लिहू नका.

इथे मला जरा थांबायचंय, कारण ह्यात नवीन आलेली मुलं फार होरपळतात. पैसे वापरायला मिळाले म्हणजे चेक खरा निघाला असं नसतं. नियमामुळे बँक पैसे आधी देते, चेक खोटा असल्याचं कधीकधी आठवड्या-दोन आठवड्यांनी कळतं आणि तेव्हा ती पूर्ण रक्कम तुमच्या खात्यातून परत घेते. ठग नेमकं ह्याच फटीत काम करतात. घरबसल्या नोकरीची ऑफर येते आणि सामान घ्यायला म्हणून चेक येतो, किंवा तुम्ही विकायला काढलेल्या टेबलासाठी कुणी जास्तीचा चेक पाठवतो, आणि वरचे पैसे लगेच ट्रान्सफर करा किंवा गिफ्ट कार्ड घेऊन नंबर पाठवा म्हणतो. तुम्ही पाठवलेले पैसे खरे असतात, त्याचा चेक खोटा. कॅशियर्स चेकसुद्धा, म्हणजे बँकेने स्वतःच्या हमीवर काढलेले चेकसुद्धा, हुबेहूब खोटे बनवतात. अनोळखी माणसाने चेक देऊन त्यातले थोडे परत मागितले की तिथेच थांबायचं, त्याने कितीही घाई केली तरी.

नोंदवही आणि महिन्याचा मेळ

चेकबुकबरोबर एक छोटी वही येते, तिला रजिस्टर म्हणतात. ती वापरा किंवा एक्सेल वापरा, पण चेक फाडण्याआधी क्रमांक, तारीख, नाव, रक्कम टिपा आणि उरलेली रक्कम तिथल्या तिथे काढा. डेबिट कार्ड, एटीएम, आपोआप जाणारी बिलं, बँकेची फी, सगळं त्यातच. जॉइंट खातं असेल तर दोघांची एकच शीट, नाहीतर एकाला दुसऱ्याचा चेक माहीत नसतो आणि दोघांच्याही मते बॅलन्स भरपूर असतो.

महिना संपला की स्टेटमेंट येतं, तेव्हा मेळ घालायचा: स्टेटमेंटमध्ये सापडणाऱ्या प्रत्येक नोंदीला वहीत टिक करायची. समजा स्टेटमेंट म्हणतंय १,८४०.२० डॉलर शिल्लक. तुमच्या वहीत टिक न लागलेल्या तीन नोंदी उरल्यात: घरमालकाला दिलेला ९५० चा चेक, डेंटिस्टला दिलेला ६२.७५ चा चेक, आणि महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी तुम्ही भरलेले १२० डॉलर. आता स्टेटमेंटच्या रकमेत १२० मिळवा, दोन्ही चेक वजा करा, उरतात ९४७.४५. वहीतही एवढेच असतील तर हिशोब जुळला. ॲप उघडून बघणाऱ्याला अठराशे दिसतायत आणि हातात खरे साडेनऊशेसुद्धा नाहीत, वही ठेवायची ती ह्यासाठीच. जुळलं नाही तर आधी बँकेची फी टिपायची राहिली का बघा, मग आकडे उलटसुलट झालेत का, ५४ च्या जागी ४५ वगैरे. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर बहुतेक वेळा आकड्यांची अदलाबदलच सापडते.

पैसे कमी पडले तर

खात्यात नसलेल्या पैशांचा चेक दिला तर बँक एकतर तो परत पाठवते, नाहीतर स्वतःचे पैसे घालून वटवते आणि ओव्हरड्राफ्टची फी लावते. काही बँकांनी ही फी बंद केलीय पण अनेक ठिकाणी अजून एका वेळेला ३५ डॉलरच्या आसपास जाते. परत गेला तर घरमालकाची वेगळी फी, वर उशिराचा दंड, आणि काही जण त्यानंतर तुमचा साधा चेक घेतच नाहीत, कॅशियर्स चेक किंवा मनी ऑर्डर मागतात. मुद्दाम खोटा चेक देणं हा गुन्हाही आहे, त्याचे नियम राज्याराज्यांत वेगळे.

एटीएम आणि डेबिट कार्डच्या एकेका खरेदीसाठी ओव्हरड्राफ्टची फी लावायला बँकेला तुमची आधी संमती लागते, हा नियम २०१० पासून आहे. खातं उघडताना ही संमती चटकन टिक करून घेतात, तिथे नाही म्हणा, पैसे कमी असतील तेव्हा कार्ड चालणार नाही पण फी वाचेल. चेक आणि आपोआप जाणाऱ्या बिलांना मात्र हा नियम लागू नाही. त्यासाठी सेव्हिंग्ज खातं जोडून ठेवता येतं आणि ॲपमध्ये कमी बॅलन्सचा अलर्ट लावता येतो, तो आजच लावा. उणे झालेलं खातं तसंच सोडलं तर ती नोंद चेक्ससिस्टम्स नावाच्या संस्थेकडे पाच वर्षांपर्यंत राहू शकते आणि नवीन खातं उघडताना बँका ती बघतात.

चोरी आणि पेमेंट थांबवणं

टपालातून चेक चोरून, रसायनाने शाई धुऊन, नाव आणि रक्कम बदलण्याचे प्रकार इथे होतात. जेल पेनची शाई कागदात मुरते आणि सहज धुतली जात नाही, म्हणून ते पेन. चेकचं पाकीट घराबाहेरच्या टपालपेटीत रात्रभर ठेवू नका, पोस्टाच्या आत नेऊन टाका. नुसती रक्कम वटली एवढं बघून सोडू नका, अधूनमधून वटलेल्या चेकची इमेज उघडून नावही बघा. काही वावगं दिसलं तर त्याच दिवशी बँकेला कळवा, कायद्याने वर्षभराची मुदत आहे पण बऱ्याच बँका करारात ती खूप कमी करून ठेवतात. डेबिट कार्ड हरवलं तर आणखी घाई: दोन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमची जबाबदारी जास्तीत जास्त ५० डॉलर, त्यानंतर ५०० पर्यंत, आणि स्टेटमेंट आल्यावर ६० दिवस उलटून गेले तर त्यापुढचं सगळं नुकसान तुमच्या माथी येऊ शकतं.

दिलेला चेक हरवला तर स्टॉप पेमेंट सांगता येतं, त्याला फी असते, चेकचा क्रमांक आणि नेमकी रक्कम लागते, म्हणजे परत वही. नुसतं फोनवर सांगितलं असेल तर १४ दिवसांत लेखी द्या, आणि लेखी दिलेलंही सहा महिनेच चालतं, पुढे वाढवून घ्यावं लागतं.

खातं बंद करताना

गाव बदललं किंवा भारतात परत निघालात तर खातं तसंच टाकून जाऊ नका, महिन्याची फी कापत कापत ते उणे होतं. आधी पगार आणि आपोआप जाणारी बिलं दुसरीकडे वळवा, वहीत अजून न वटलेले चेक आहेत का बघा आणि ते वटेपर्यंत तेवढे पैसे ठेवा. डिपॉझिटचा परतावा बहुतेक वेळा कागदी चेकनेच आणि घर सोडल्यावर काही आठवड्यांनी येतो, भारतात तो वटवणं जिकिरीचं होतं, त्यामुळे तो जमा होईपर्यंत खातं चालू राहू द्या आणि घरमालकाला नवीन पत्ता लेखी देऊन ठेवा. मग खातं बंद केल्याचं पत्र बँकेकडून मागून घ्या आणि उरलेले कोरे चेक श्रेडरमध्ये घाला.